नेमबाजाची मूठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा बेढबच वाटते. एका बाजूला फुगवटा, दुसरीकडे खळगा, खाली तळहात टेकायला फळी. हौसेनं केलेली नक्षी असावी, असा समज तिथूनच होतो. पण शोभेचा यात काही संबंध नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाचा नेमबाज एकाच हातानं, तो कुठेही न टेकवता, पात्रता फेरीत ६० छर्रे झाडतो. साठही वेळा पंजा त्याच जागी बसावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मग मूठ साच्यासारखी गच्च बसली पाहिजे, असं अनेकांना वाटतं. पण उन्हाळ्यात तासभर सराव झाला की बोटं किंचित सुजतात आणि सकाळी मापात असलेली मूठ दुपारी टोचायला लागते. पकड मुख्यतः पुढून-मागून हवी. ट्रिगरचं बोट तर लाकडाला लागताच कामा नये. ते घासलं की खेच सरळ मागे न येता नळी बाजूला ढकलली जाते, आणि नेमबाज दोष देतो तो आपल्या नजरेला.

मूठ बरोबर आहे का, याची चाचणी सोपी आहे. रिकामं पिस्तूल घ्या, ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, डोळे मिटून हात सुरक्षित दिशेला उचला आणि मग डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत दर वेळी डावीकडेच दिसत असेल, तर मनगट वाकवून ती ओढून आणू नका. मुठीत बदल करा.

घरी मूठ करायची म्हणजे अख्खा ठोकळा कोरायचा, हाही गैरसमजच. बहुतेक जण अक्रोडाची तयार मूठ लहान, मध्यम किंवा मोठ्या मापात घेतात आणि तिच्यावरच काम करतात. मूठ आधी पिस्तुलावरून उतरवायची, नाहीतर भुसा यंत्रणेत जातो. तळहाताला लिपस्टिक किंवा खडूची पूड लावून पकड घेतली, की दाब कुठे पडतो ते लाकडावर उमटतं. तिथे कानस, मग पॉलिश पेपर. पोकळी राहते तिथे एम-सीलसारखी पुट्टी भरायची, वर पातळ प्लास्टिक ठेवून हात दाबायचा आणि ती नीट वाळू द्यायची. घाई नको, एका बैठकीत जमलेली मूठ मला तरी संशयास्पद वाटते.

‘आपलं सागवान काय वाईट?’ हा खास मराठी प्रश्न. टिकायला उत्तमच. पण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे गोंद आणि पुट्टी नीट धरत नाही, आणि सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते. अक्रोड घट्ट असून कापायला गुणी. लाकूड कुठलंही असो, ओलं नको. पावसाळ्यानंतर ते आकसतं आणि स्क्रूजवळ तडकतं. मास्कही हवाच. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक मानला जातो.

शेवटी चकचकीत पॉलिशचा मोह होतो. घामेजलेल्या हातात असली मूठ सटकते, म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवतात. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. मात्र त्या तेलानं भिजलेले बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

‘माझी मूठ, मी हवी तशी करेन’ हे सरावापुरतं ठीक. स्पर्धेत मुठीनं हाताला वेढा घालता कामा नये, मनगट उघडं दिसलं पाहिजे, आणि तळाची फळी वर वळवलेली चालत नाही. एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकलं, त्या २५ मीटर पिस्तुलाची पेटी आणखी लहान: ३०० × १५० × ५०. दोन्हींत जाडी ५०च. पुट्टीचे थर चढवताना नेमकी तीच वाढत जाते, त्यामुळे तपासणीला जाण्याआधी घरीच पट्टी लावून बघा.