चारही चाकांचे बळ

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर बैलगाडी रुतली, की गाडीवान खाली उतरतो, बैलांना हाकारतो आणि स्वतः चाकाला खांदा देतो. बैलगाडीचे चाक केवळ फिरत असते. ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीचे तसे नाही. तिला पुढे नेण्याचे काम तिच्या चाकांनाच करावे लागते. चाक जमिनीला मागे रेटते, म्हणून गाडी पुढे जाते. जमीन निसरडी असेल, तर रेटण्यासाठी चाकाला आधार मिळत नाही. मग ते जागच्या जागी गरगर फिरते आणि स्वतःसाठीच खड्डा खोल करत जाते.

बहुतेक मालवाहू गाड्यांमध्ये इंजिनाची शक्ती केवळ मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची चाके दिशा देतात आणि नुसती फिरतात. ही शक्ती चारही चाकांना मिळाली, तर जमिनीला रेटणारी चाके दोनऐवजी चार होतात आणि रुतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. या व्यवस्थेला ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ असे म्हणतात.

जबलपूरच्या गाड्या

नागपूरहून सिवनीमार्गे उत्तरेकडे गेले, की मध्य प्रदेशातील जबलपूर हे शहर लागते. नर्मदेच्या काठचे भेडाघाटचे संगमरवरी खडक पाहण्यासाठी लोक तेथे जातात. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे. तोफांचे गाडे बनवणारा कारखाना तेथे १९०४ साली स्थापन झाला. जर्मनीतील ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने तयार होणाऱ्या ‘शक्तिमान’ या लष्करी ट्रकची निर्मितीही प्रथम याच कारखान्यात सुरू झाली. पुढे १९६९ साली जबलपूरला वाहननिर्मितीचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तेथे शक्तिमानबरोबरच जपानच्या निस्सान कंपनीच्या आराखड्यावर आधारलेल्या दोन गाड्या बनू लागल्या. एक ‘जोंगा’ आणि दुसरी एक टन भार वाहणारी, मागे उघडा हौदा असलेली ‘निस्सान’. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडले. तिचे उत्पादन १९९९ साली थांबले. २०२१ साली देशातील आयुध निर्माण कारखान्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा वाहननिर्मितीचा हा कारखाना एका नव्या सरकारी कंपनीचा भाग झाला.

शक्तिमान, जोंगा आणि एक टनी निस्सान या तिन्ही गाड्यांत एक गुण समान होता: त्यांची चारही चाके इंजिनाच्या बळावर फिरू शकत. सैन्याला रस्ता निवडता येत नाही. वाळू, बर्फ, नदीचे पात्र, डोंगराची कच्ची वाट, जे समोर येईल त्यातून जावे लागते. आज शेतकरी, वनखाते आणि खाणींवर काम करणारे लोकही अशा पिकअप गाड्या वापरतात. यंत्र निरनिराळे असले, तरी त्यामागचे तत्त्व एकच आहे.

शक्ती पुढच्या चाकांपर्यंत कशी जाते?

इंजिनाची शक्ती प्रथम क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ‘ट्रान्स्फर केस’ म्हणतात. या पेटीतून एक लांब दांडा मागच्या आसाकडे आणि दुसरा पुढच्या आसाकडे जातो. नेहमीच्या प्रवासात फक्त मागचा दांडा इंजिनाशी जोडलेला असतो. चालकाने दुसरा दांडपट्टा, म्हणजे लिव्हर, हलवला की पेटीतील एक दातेरी कडे सरकते आणि पुढचा दांडाही मागच्या दांड्याशी जोडला जातो.

ही जोडणी पक्की असते. एकदा ती झाली, की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरतात. चिखलात हाच या व्यवस्थेचा गुण ठरतो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर हाच तिचा दोष ठरतो. गाडी वळते, तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. पुढच्या आणि मागच्या आसांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळते आहे असे समजू. मागचा आस सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळातून जात असेल, तर तो सुमारे ९.४ मीटर अंतर कापतो. पुढच्या आसाला त्याच वेळात सुमारे १०.२ मीटर जावे लागते. हा जवळजवळ पाऊण मीटरचा फरक कोठे तरी भरून निघायला हवा. ओल्या मातीत चाके किंचित घसरतात आणि फरक आपोआप भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत; त्यामुळे दांड्यांमध्ये पीळ भरतो. सुकाणूचक्र जड होते, गाडी अडखळते आणि अखेर एखादा दाता किंवा सांधा तुटू शकतो. काही गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांचा वेग वेगळा राहू देणारी योजना असते. त्यांना हा त्रास होत नाही. परंतु बहुतेक पिकअप गाड्यांत ती नसते.

धावत्या गाडीत जोडणी

गाडी थांबवल्यावाचून ही जोडणी करता येते का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर दातेरी कड्यातच आहे. दोन फिरत्या वस्तूंचे दाते एकमेकांत बसायचे असतील, तर त्यांचा वेग सारखा हवा. गाडी सरळ रस्त्यावर चालली असताना चारही चाके सारख्याच वेगाने फिरतात. पुढचा दांडा तेव्हा इंजिनाशी जोडलेला नसतो, पण पुढच्या चाकांबरोबर तोही फिरत असतो. अशा वेळी पाय क्षणभर वेगपट्टीवरून उचलला, म्हणजे दात्यांवरचा ताण कमी होतो. मग लिव्हर न कचरता सरकवली, की कडे सहज बसते. नव्या गाड्यांत लिव्हरऐवजी बटण असते. समोरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की जोडणी पूर्ण झाली असे समजावे. वेगाची मर्यादा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक नव्या गाड्यांत ती ताशी ८० ते १०० किलोमीटर असते. जुन्या गाड्यांत मात्र वेग बराच कमी करावा लागतो.

याला काही अपवाद आहेत. कित्येक जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवण्याचे कुलूप असते. ते उघडे असेल, तर चाके फिरली तरी पुढचा दांडा स्थिरच राहतो. अशा वेळी धावत्या गाडीत लिव्हर ओढल्यास दाते दात्यांवर घासून खरखराट होतो. म्हणून कच्चा रस्ता सुरू होण्यापूर्वीच खाली उतरून दोन्ही कुलपे लावावीत. चारही टायर एकाच मापाचे आणि योग्य हवेचे असावेत, याचेही कारण वेग सारखा राहावा हेच आहे. चढ-उतार फार तीव्र असेल, तेव्हा चारही चाकांचा ‘लो’ गिअर वापरतात. त्यात वेग बराच कमी होतो आणि ओढण्याचे बळ त्याच प्रमाणात वाढते. हा गिअर मात्र धावत्या गाडीत घालू नये. त्यासाठी गाडी थांबवावी किंवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अगदी सावकाश चालवावी.

चिखलाच्या अलीकडे

समजा, जबलपूरहून मंडल्याच्या बाजूच्या एका खेड्याकडे औषधांची खोकी घेऊन पिकअप निघाली आहे. डांबरी रस्ता संपला. पुढे उतार, त्याखाली नाला आणि काळ्या मातीचा चिखल दिसतो आहे. उतावळा चालक म्हणतो, ‘आधी जाऊन तर पाहू, अडकलो तर लिव्हर ओढू.’ तो चिखलात शिरतो, मागची चाके गरगरू लागतात आणि मग तो लिव्हर ओढतो. त्या क्षणी मागचा दांडा वेगाने फिरत असतो आणि पुढचा जवळजवळ थांबलेला असतो. कडे बसत नाही. बसलेच तर मोठा धक्का बसतो. शिवाय तोवर चाके आसापर्यंत रुतलेली असतात. जाणता चालक चिखलाच्या अलीकडेच, गाडी सरळ चालली असताना जोडणी करतो आणि एकसारख्या मंद वेगाने पलीकडे जातो. आधी न सुचून चाके गरगरू लागलीच, तर तो प्रथम पाय उचलतो, चाके थांबू देतो आणि मगच लिव्हरला हात लावतो.

पलीकडे कोरडा रस्ता लागताच जोडणी सोडवणे तितकेच आवश्यक असते. पीळ भरल्यामुळे लिव्हर हलत नसेल, तर जोर करू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि लिव्हर सहज निघते.

एक गोष्ट विसरता कामा नये. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. चारही चाकांना शक्ती दिल्याने गाडी निसरड्या जागेतून निघू शकते. परंतु ती लवकर थांबत नाही. ओल्या घाटात ‘आपली गाडी फोर-व्हील आहे’ या भरवशावर वेग वाढवणारा चालक स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. चढ पार करण्याचे बळ यंत्र देते. उतारावर वेग आवरण्याचे काम चालकालाच करावे लागते.

लिव्हर कशी ओढावी हे दोन मिनिटांत शिकता येते. ती केव्हा ओढावी आणि केव्हा ओढू नये, हे कळण्यासाठी पेटीच्या आत काय घडते ते समजावे लागते. ज्याला ते समजले, त्याची औषधांची खोकी वेळेवर गावात पोहोचतात.