फुकटातला मुनीम

एक तारखेला पगाराचा एसेमेस येतो आणि आपण राजे! शुक्रवारी पार्टी, शनिवारी मल्टिप्लेक्स, रविवारी ऑनलाइन सेल. मग येते वीस तारीख. बॅलन्स बघायलाही बोट धजत नाही. चोरी झालेली नाही, मोठी खरेदी केलेली नाही, मग पैसे गेले कुठे? वडापाव, रिक्षा, कटिंग, कुणाच्या तरी सेंड-ऑफची वर्गणी... पाचशेची नोट मोडताना निदान जीव थोडा हळहळायचा. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ती हळहळही गेली. स्कॅन केलं, आवाज आला, विषय संपला!

यावर उतारा म्हणून फुकट ॲप्सचा नुसता सुकाळ आहे. फंडा सोपा. ॲप तुमचे बँकेचे एसेमेस वाचतं आणि महिनाअखेरीला खर्चाचा रंगीबेरंगी चार्ट हातात ठेवतं. दिसायला एकदम झक्कास. पण गोची अशी, की छोटे खर्च आता बरेच जण यूपीआय लाइटवरून करतात. तिथे चहाचे पंधरा रुपये बँकेच्या स्टेटमेंटात वेगळे दिसतच नाहीत, दिसते ती फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ. म्हणजे जिथून पैसे गळतात, नेमकं तिथेच ॲप आंधळं!

शिवाय एसेमेस वाचायची परवानगी दिली, की पगार, हप्ते, ओटीपी सगळंच त्याच्यासमोर उघडं. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण ॲपवाल्यालाही पोट आहेच की. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेलं 'मिंट' असंच फुकट होतं, कमाई व्हायची ती क्रेडिट कार्डं आणि कर्जं सुचवून. २०२४ मध्ये ते बंद पडलं आणि वर्षानुवर्षं त्यावर हिशोब ठेवणाऱ्यांना नवं घर शोधावं लागलं.

म्हणून आमचं मत विचाराल तर सरळ गूगल शीट्स उघडा. नेटवर नको असेल तर लिबरऑफिस कॅल्क आहे, तेही फुकट. (कॉमर्सवाल्यांनो, कीर्द-खतावणीची आठवण येत असेल तर जीएनयूकॅश बघा, त्यात चक्क द्विनोंदी हिशोब ठेवता येतो. बाकीच्यांनी त्या भानगडीत पडू नका.) ऑफिसात साहेबांसाठी रात्री नऊपर्यंत पिव्हट टेबलं करता ना? स्वतःच्या पगाराचं एकदा तरी केलंय? रकाने चारच ठेवा : तारीख, रक्कम, कशासाठी आणि 'टाळता आलं असतं का?' चौथ्यात फक्त हो किंवा नाही. शीटची लिंक मोबाइलच्या होमस्क्रीनवर टाका आणि घरी परतताना ट्रेनमध्ये बसल्या बसल्या दिवसाचे आकडे भरून टाका. स्वतःच्या बोटाने टाइप करायचा कंटाळा येतो, आणि तोच तर फायदा! रोजचे चाळीस रुपये बावीस दिवस भरले की ८८० होतात, हे चार्टपेक्षा त्या बावीस ओळी जास्त नीट सांगतात.

आता ज्या गोष्टी तुम्हाला दिसतच नाहीत, त्या मात्र मशीनलाच शोधू द्या. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा कोपरा असतो. आत्ताच उघडा. फ्री ट्रायल म्हणून घेतलेलं काहीबाही तिथे ठाण मांडून बसलेलं सापडेल. महिना १९९ म्हणजे वर्षाला २,३८८ रुपये! असे पैसे कापायच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो मेसेज येतो, आपण जाहिरात समजून सरकवून टाकतो. ऑटोपे त्याच यादीतून रद्द करता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. तुमच्या नावावर किती कर्जं आहेत, ठाऊक आहे? 'आत्ता घ्या, नंतर द्या'वाली छोटी उधारीसुद्धा पुष्कळदा कर्ज म्हणूनच नोंदली जाते आणि तिचा थकलेला हप्ता घर घेताना आडवा येतो. तुमच्या पॅनवर भलत्यानेच कर्ज उचललं असेल तर विचारायलाच नको. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हे २०१७ पासून बंधनकारक आहे. आमची आयडिया : चारही एकदम मागवू नका, दर तीन महिन्यांनी एक मागवा. वर्षभर पहारा, खर्च शून्य! स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर स्कोअर घसरत नाही, त्यामुळे ते टेन्शन नको. फक्त रिपोर्ट कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. बाकी ठिकाणी 'फ्री स्कोअर'च्या मागोमाग कर्जवाल्यांचे फोन सुरू होतात.

रिपोर्टात चूक सापडली तर तिथल्या तिथे ऑनलाइन तक्रार टाका आणि तिची तारीख त्याच शीटमध्ये लिहून ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये तुम्हाला भरपाई म्हणून मिळायला हवेत. जमेच्या बाजूला!