‘वाघ’ या शब्दाचे अर्थ व त्यांचे अध्यापन

प्राण्यांचा पाठ चालू असता शिक्षकाने पट्टेरी वाघाचे चित्र दाखवून “हा कोणता प्राणी?” असे विचारले, तर सर्व मुले “वाघ” असे उत्तर देतात. त्यानंतर ठिपक्यांच्या बिबट्याचे चित्र दाखविले, तरी जुन्नर किंवा सिन्नर भागातील पुष्कळ मुले पुन्हा “वाघ” असेच म्हणतात. अशा वेळी “चूक” असा शेरा मारून पुढे जाण्याची घाई शिक्षकाने करू नये. घरी, शेतात व पारावर जे कानी पडते तेच ते मूल सांगत असते, आणि त्या बोलण्याला फार जुना आधार आहे. तो आधार समजून घेऊन मुलांना नेमकेपणाकडे कसे न्यावे, याचा विचार येथे केला आहे.

शब्दाची घडण

‘वाघ’ हा शब्द संस्कृत ‘व्याघ्र’ या शब्दापासून आला. प्राकृतात त्याचे ‘वग्घ’ झाले व मराठीत ‘वाघ’. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, अग्नि–अग्गि–आग या शब्दांचा प्रवासही याच वाटेने झाला आहे. जोडाक्षर सुटते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. वरच्या वर्गात ही चार उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर नियम मुलांना आपोआप उमगतो. जुने पंडित ‘व्याघ्र’ या शब्दाचा संबंध ‘घ्रा’ म्हणजे वास घेणे या धातूशी जोडतात.

एक नाव, अनेक प्राणी

संस्कृतात ‘द्वीपी’ हे वस्तुतः बिबट्याचे नाव होय. अंगावर बेटांसारखे ठिपके असलेला तो द्वीपी. तथापि अमरकोशात व्याघ्राचे पर्याय म्हणून ‘शार्दूल’ व ‘द्वीपी’ हे दोन्ही शब्द एकत्रच दिले आहेत. म्हणजे आज खेड्यातील मूल जे करते तेच कोशकारानेही केले होते. मराठी लोकभाषेने मात्र ‘वाघ’ हे सामान्य नाम ठेवून त्यास विशेषणे जोडली. मोठा तो ढाण्या किंवा पट्टेरी वाघ आणि ठिपक्यांचा तो बिबट्या वाघ. त्याच अमरकोशात ‘तरक्षु’ हा निराळा सांगितला आहे. तोच आपला तरस.

शिक्षकाने हे भेद पुढीलप्रमाणे समजावून द्यावेत.

पट्टेरी वाघाच्या पिवळसर तांबूस अंगावर काळे उभे पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे २०० किलो भरते. महाराष्ट्रात त्याची वस्ती मुख्यतः विदर्भातील अरण्यांत आहे.

बिबट्या त्याहून पुष्कळच लहान. नर साधारणतः ५० ते ७० किलोंचा. त्याच्या अंगावर काळ्या ठिपक्यांची फुले असतात. तो झाडावर सहज चढतो, कुत्री व शेळ्या उचलतो, आणि उसाच्या दाट शेतातही पिले वाढवितो. नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील उसात जो ‘वाघ’ दिसतो तो बहुधा हाच होय.

चित्ता हा तिसरा प्राणी. त्याचे ठिपके सुटे व भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते. तो भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. म्हणून बिबट्यास ‘चित्ता’ म्हणण्याची सवय मोडणे इष्ट आहे.

तरसाच्या अंगावरही पट्टे असतात. यास्तव ‘पट्टे आहेत, म्हणजे वाघच’ असा नियम मुलांना कधीही देऊ नये. तरसाचा पुढील भाग उंच व मागील भाग उतरता असतो, आणि मानेवर राठ आयाळ असते.

शब्दाचा विस्तार

भयामुळे व आदरामुळेही या शब्दाचा मोठा परिवार निर्माण झाला. संस्कृतात ‘पुरुषव्याघ्र’ म्हणजे श्रेष्ठ पुरुष. मराठीत शूरास ‘वाघ’ म्हणतात, तर मांजर वाघाची मावशी ठरते. खंडोबाचा उपासक तो वाघ्या. भंडाऱ्यासाठी वाघाच्या कातड्याची पिशवी बाळगण्याची त्याची जुनी रीत होती. डोंगरी भागात वाघोबाची ठाणी आहेत, आणि आश्विन वद्य द्वादशीस कित्येक आदिवासी पाड्यांत वाघबारस पाळतात. गुराख्याचे गोधन राखावे, एवढीच त्या देवाकडे मागणी असते. तेथे पट्टे व ठिपके असा भेद कोणी करीत नाही. रानात नाव घेणे टाळून नुसते ‘जनावर’ म्हणण्याचीही चाल आहे. “वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो” ही म्हण या भीतीवरच नेमके बोट ठेवते.

‘वाघनख’ हे शस्त्राचे नाव प्रतापगडच्या १६५९ च्या प्रसंगामुळे मुलांस ठाऊक असते. मुलांच्या गळ्यात खरे वाघनख बांधण्याचीही प्रथा होती. वाघाच्या नखांचा व कातड्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हे त्याच वेळी सांगावे.

फसवे सोयरे

उच्चार सारखा असला तरी सर्वच शब्द या कुळातील नव्हेत. ‘वटवाघूळ’ यातील वाघूळ संस्कृत ‘वल्गुली’पासून आले. धनगर बांधव मेंढ्यांभोवती जे जाळे लावतात ती ‘वाघर’ म्हणजे संस्कृत ‘वागुरा’ अर्थात जाळे. या दोन्ही शब्दांत वाघ कोठेच नाही. गावातील ‘वाघ’युक्त शब्द व ठिकाणांची नावे मुलांकडून जमवावीत, परंतु त्यांचा अर्थ वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून ठरवू नये.

नेमकेपणाचे महत्त्व

१९७३ च्या १ एप्रिलपासून व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि मेळघाट हे त्याच्या पहिल्या क्षेत्रांपैकी एक होते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रातील वाघांची संख्या ४४४ आली. ही गणना पट्टेरी वाघांचीच असते, बिबट्यांची नव्हे, हा खुलासा वर्गात आवर्जून करावा.

परंतु खरी कसोटी पुस्तकाबाहेरची आहे. एखादे दिवशी मूल धापा टाकीत येऊन “गुरुजी, वाघ दिसला” असे सांगते. त्याला खोटे पाडू नये, अथवा गावभर हाकाटीही करू नये. त्यास बसवून शांतपणे विचारावे : अंगावर पट्टे होते की ठिपके? कुत्र्याएवढा होता की वासराएवढा? पाठ सरळ होती की उतरती? कोठे दिसला, व कोणत्या वेळी? ही उत्तरे वनरक्षकास कळवावीत, आणि लहान मुलांनी शाळेत एकेकटे न येता घोळक्याने यावे, अंधार पडल्यावर उसाच्या कडेने जाऊ नये, अशी ताकीद द्यावी.

घरच्या बोलीत ‘वाघ’ हा शब्द व्यापक आहे व तो तसाच राहावा. शाळेने त्यास नेमक्या नावांची जोड मात्र द्यावी. ज्या मुलाला दोन्ही परी अवगत आहेत, ते भिऊन पळत सुटण्याऐवजी आपण काय पाहिले हे सांगू शकते.