'मिथेनॉलिक अर्क' घरी का करायचा नाही

औषधी वनस्पतींवरचे चार शोधनिबंध चाळा, 'मिथेनॉलिक अर्क' हे शब्द हमखास भेटतील. तुळस असो, गुळवेल असो, अडुळसा असो. मग ओळखीतलं कुणीतरी मला विचारतंच: बरणीत तुळस आणि स्पिरिट घालून ठेवलं तर चालेल ना?

आधी मद्यार्कच का, ते बघू. चिमूटभर हळद एका पेल्यात पाण्यात ढवळा, दुसऱ्यात पातळ सॅनिटायझरमध्ये. (गॅसपासून लांब, आणि नंतर दोन्ही ओतून द्या.) पाण्यात हळद तळाशी बसते. सॅनिटायझर मात्र गडद पिवळं होतं, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. म्हणजे काढा गाळल्यावर जे चोथ्यात राहून जातं, त्यातलं बरंचसं मद्यार्क बाहेर ओढतो.

प्रयोगशाळेत यासाठी बरेचदा मिथेनॉल वापरतात. ते स्वस्त असतं आणि 65 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, त्यामुळे नंतर उडवून लावणं सोपं. उरलेला चिकट अर्क जातो जिवाणूंच्या किंवा पेशींच्या बशीत, माणसाच्या पोटात नाही. निबंधात हे कुणी वेगळं लिहीत नाही. वाचणाऱ्याला ठाऊक असणार असं आम्ही धरून चालतो.

आणि इथेच घोटाळा होतो, कारण मिथेनॉल दिसायला आणि वासाला इथेनॉलसारखंच, म्हणजे पिण्याच्या दारूतल्या मद्यार्कासारखंच. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या दारूत मिथेनॉल होतं. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही, आणि डोळ्यांच्या नसेला त्याचा फटका फार लवकर बसतो. या सगळ्याला कित्येक तास लागतात, म्हणून माणूस 'उतरेल आता' म्हणत झोपून राहतो. गंमत बघा, यावर उपचार म्हणून इथेनॉलही देतात: यकृतातलं एन्झाइम आधी त्याच्या मागे लागतं आणि मिथेनॉलचं विष बनणं लांबतं.

दुकानातल्या स्पिरिटमध्ये कुणी ते पिऊ नये म्हणूनच काहीबाही मिसळलेलं असतं, कधी कधी चक्क मिथेनॉल. सॅनिटायझरचंही तेच. गाळून किंवा उन्हात ठेवून ते पिण्याजोगं होत नाही.

आपल्याकडच्या आसव-अरिष्टांची युक्ती मला म्हणूनच आवडते. त्यात बाहेरून मद्यार्क ओततच नाहीत. अरिष्टासाठी काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो आंबवतात. यीस्ट साखरेचं इथेनॉल करतं, आणि तेच तिथल्या तिथे वनस्पतीतली द्रव्यं ओढून घेतं, औषध टिकवतंही. प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के, म्हणजे बिअरइतकं किंवा थोडं जास्तच. अंधेरी-मुलुंडमधल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या द्राक्षारिष्टाच्या बाटलीवर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. लहान मुलाला किंवा दारू सोडलेल्या माणसाला देण्याआधी तेवढं वाचा.