एकसष्ट पट्ट्यांची कैफियत

माफक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाविषयी त्याच्या मालकांनी दिलेल्या जबान्या एकत्र मांडल्या, तर एखादा अनुभवी न्यायाधीशही प्रथमदर्शनी गोंधळात पडावा इतकी परस्परविसंगती त्यांत आढळते. संच एकच, किंमत जवळपास सारखीच. पण एका घरात ‘खेळणे’ असा शेरा मारून त्याची रवानगी माळ्यावर होते, दुसऱ्या घरातल्या निवृत्त गृहस्थांची सायंकाळ त्याच्यावाचून सरत नाही, आणि तिसऱ्या घरात पियानोच्या शिकवणीला जाणारी मुलगी ‘यावर हात बिघडतो असे बाई म्हणतात’ अशी फिर्याद घेऊन वडिलांपुढे उभी राहते. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाच्या मनात तुलनेसाठी एक अनुपस्थित वाद्य उभे असते, कोणाच्या मनात पेटी, कोणाच्या मनात पियानो, तर कोणाच्या मनात चित्रपटातला अवघा वाद्यवृंद; आणि समोरच्या संचाविषयीचे मत पुष्कळदा त्या गैरहजर वाद्याच्या मापाने बनलेले असते. म्हणून अशी मते वाचताना, मत देणाऱ्याचा हात कोणत्या वाद्यावर घडला आहे याची आधी चौकशी करावी, आणि मग त्याच्या तक्रारींची तीन वर्गांत विभागणी करावी: थोडे पैसे वाढवल्याने दूर होणारे दोष, कितीही पैसे ओतले तरी न हटणारे दोष, आणि मुळात दोषच नसलेले गैरसमज.

या वाद्याचा जन्म कोणासाठी झाला, हे ध्यानात घेतल्यास निम्मे वाद आपोआप मिटतात. गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० साली ‘कॅसिओटोन २०१’ हा आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला; त्याला ४९ पट्ट्या होत्या आणि त्यातून २९ प्रकारचे आवाज निघत. कंपनी उभारणाऱ्या काशिओ बंधूंपैकी तोशिओ हे संशोधक वृत्तीचे गृहस्थ होते. कोणत्याही नैसर्गिक नादाचा आरंभ आणि त्याचा पुढचा विस्तार यांची घडण वेगवेगळी असते, व्यंजन क्षणात उच्चारले जाऊन त्यामागून स्वर लांबत जावा तशी, हे निरीक्षण त्यांनी यंत्ररचनेला पायाभूत धरले, आणि नादाचे हे दोन अंश स्वतंत्रपणे घडवून जोडण्याची पद्धत योजली. हेतू हा, की वर्षानुवर्षे तालीम करण्याची ज्याला सवड नाही अशा सामान्य माणसालाही वादनाचा आनंद लाभावा. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘व्हीएल-१’ नावाचे, एका अंगाने गणकयंत्र आणि दुसऱ्या अंगाने वाद्य असे, एक चिमुकले यंत्र काढले. हौशी वादक हा या वाद्याचा मूळ आणि मुख्य आश्रयदाता होय; मैफलीचा वादक त्याच्याकडे नंतर आला.

आज आपल्याकडे दुकानांत जे संच दिसतात त्यांची प्रतवारी ठोकळमानाने अशी करता येईल. सर्वांत खालच्या पायरीवर बारीक पट्ट्यांचे संच. उदाहरणार्थ कॅसिओच्या ‘एसए’ मालिकेतले ३२ किंवा ४४ पट्ट्यांचे नमुने. त्यांवर पाच वर्षांच्या मुलाची बोटे सुखाने नांदतात, परंतु तेच मूल दहा वर्षांचे झाले म्हणजे बोटांनी आत्मसात केलेली अंतरे पूर्ण आकाराच्या पट्ट्यांवर चुकू लागतात. त्यावरच्या पायरीवर पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्यांचे संच: कॅसिओचा ‘सीटी-एस२००’, यामाहाचा ‘पीएसआर-ई२७३’ आणि त्यांचे भाऊबंद. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तके आणि वर एक स्वर. आपल्या पेटीला बहुधा तीन-साडेतीन सप्तकेच असतात, त्यामुळे पेटीवाल्याला हा विस्तार ऐसपैस वाटतो. ८८ पट्ट्यांच्या पियानोची सवय असलेल्याला मात्र दोन्ही टोकांना कुंपण लागते. येथेच दोघांच्या मतांची फारकत सुरू होते.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ही, की पट्टी हळू दाबा अथवा जोराने दाबा, आवाज एकाच मापाचा येतो. या संचांतल्या पट्टीखाली रबराची एक लहानशी टोपी असून तिच्या आतल्या अंगाला कार्बनची टिकली असते. पट्टी दाबली की टिकली खालच्या सर्किटची टोके जोडते, आणि अखंड सर्व पट्ट्यांची हजेरी घेत असलेली आतली चिप त्या स्वराला वाजण्याचा हुकूम सोडते. अगदी स्वस्त संचांत पट्टी हजर की गैरहजर, एवढीच नोंद घेतली जाते. त्याहून वरच्या संचांत एकेका पट्टीखाली पाठोपाठ जुळणारे दोन संपर्क असतात, आणि त्या दोहोंमधला अत्यल्प काळ मोजून बोट किती वेगाने आले हे ताडले जाते. वेग अधिक तर आवाज मोठा. दुकानदार याला ‘टच रिस्पॉन्स’ म्हणतात. ‘सीटी-एस२००’मध्ये हा गुण नाही, त्याच्याच भावंडात, ‘सीटी-एस३००’मध्ये, तो आहे, यामाहाच्या ‘ई२७३’मध्ये नाही, ‘ई३७३’मध्ये आहे. म्हणजे ही तक्रार पहिल्या वर्गातली, थोडी रक्कम वाढवून मिटणारी. पियानोच्या पट्टीचा भारदस्तपणा मात्र याहून निराळी गोष्ट आहे. त्यासाठी पट्टीमागे हातोडीसारखी वजनदार योजना लागते, आणि मग साडेतीन किलोंच्या आतला, पोर एका हाताने उचलील असा संच अकरा-बारा किलोंचा होऊन बसतो आणि किंमतही कित्येक पटींनी चढते.

गंमत अशी, की हीच उणीव पेटीवर हात बसलेल्या माणसाच्या बहुधा लक्षातही येत नाही. कारण पेटीत बोटाच्या जोराने आवाज वाढत नाही, तो भात्याने वाढतो. त्याला खटकते ते वेगळेच. पेटीचा आवाज निवडून षड्ज धरून ठेवला, तर तो सरळ रेषेत चालत राहतो. भाता किंचित दाबून त्याच स्वराला फुगवावे, गायकाच्या श्वासाबरोबर ओसरू द्यावे, ही सोय कीबोर्डावर नाही. शिवाय डावा हात, जो आयुष्यभर हवा भरण्याच्या कामावर तैनात होता, तो एकाएकी बेकार होतो आणि त्याचे काय करावे हे काही दिवस उमगत नाही.

आता गैरसमजांकडे वळू. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली आवाजांची संख्या, ‘सीटी-एस२००’वर ४००, ‘ई२७३’वर ४०१, ही खरेदीच्या वेळी जितकी भुरळ घालते तितकीच पुढे निरुपयोगी ठरते, असे बहुतेक जुने मालक एकमुखाने सांगतील, पियानो, ऑर्गन, बासरी, व्हायोलिन अशा पाच-दहा आवाजांपलीकडे रोजचा व्यवहार जात नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत सुसंगती असावी म्हणून १९९१ साली ‘जनरल मिडी’ या नावाने १२८ आवाजांची एक प्रमाण यादी ठरली. सतार आणि शहनाई यांना तीत मानाने स्थान मिळाले असले, तरी शेवटी शेवटी टेलिफोनची घंटा, हेलिकॉप्टर, टाळ्यांचा कडकडाट आणि बंदुकीचा बार हेही आवाज म्हणूनच मोजले गेले आहेत. मुले पहिल्या दिवशी हेलिकॉप्टर उडवतात, यात नवल नाही. पण त्यासाठी कोणी जास्तीचे पैसे मोजू नयेत. याउलट, एका वेळी किती स्वर वाजू शकतात हा आकडा, ‘ई२७३’मध्ये ३२ आणि ‘सीटी-एस२००’मध्ये ४८, दहा बोटांच्या माणसाला अनावश्यक वाटला तरी तसा नाही, आपोआप वाजणारा ताल, खर्जातली साथ आणि लांबवलेले स्वर हे सारे याच शिलकीतून खर्ची पडतात, आणि शिल्लक संपली की आधीचा एखादा स्वर मुकाट्याने गळतो.

आपोआप वाजणाऱ्या तालाची जाणकार मंडळी थट्टा करतात, आणि स्नेहसंमेलनातले काही प्रयोग पाहता ती सर्वस्वी अन्यायाची म्हणता येत नाही. तथापि या तुच्छ मानल्या गेलेल्या सोयीने एका बेटाच्या संगीताचा प्रवाह बदलला, हा इतिहास आहे. १९८१च्या ‘एमटी-४०’ या स्वस्त कॅसिओत हिरोको ओकुदा या तरुण अभियंतीने रचलेला ‘रॉक’ नावाचा एक तयार ठेका होता. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८५ साली निर्माते किंग जॅमी आणि गायक वेन स्मिथ यांनी तोच ठेका संथ करून त्यावर गाणे उभे केले, आणि तेथून रेगेतील यंत्रसाथीचे युग गाजू लागले. ठेका फुकटच मिळाला होता. त्याची गती बदलावी हे सुचणे मात्र त्या माणसांचे होते.

आता दुसरा वर्ग, ज्यावर पैशाची मात्रा चालत नाही. गाणे शिकलेला मालक कीबोर्डावर भूप वाजवतो आणि गांधार कानाला टोचतो असे म्हणतो, तेव्हा तो संचाची नव्हे, तर समविभागी स्वरसप्तकाची तक्रार करत असतो. सप्तकाचे बारा समान भाग पाडले, की मध्य सप्तकातला पांढरी एकचा षड्ज सेकंदाला २६१.६३ आंदोलनांचा आणि त्यावरचा शुद्ध गांधार ३२९.६३ आंदोलनांचा होतो. तानपुऱ्यातून आपसूक उमटणारा, षड्जाशी पाचास चार या प्रमाणात बसणारा गांधार मात्र ३२७.०३ वर असतो. पंचमातला फरक अर्ध्या आंदोलनाहूनही कमी, म्हणून तो कोणाला खुपत नाही. स्वरांची जुळणी बदलण्याची सोय काही वरच्या संचांत असते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांच्या वाद्यात बसायची नाही ती नाहीच. स्वर वाकवणारे चाक काही संचांना असते, तरी त्यातून निघणारी वळणे गळ्याची नव्हेत. याच दोन आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० पासून पेटीला मनाई केली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. इतका काळ बहिष्कृत राहूनही पेटी घराघरांत आणि मैफलींत टिकली, ही गोष्ट कीबोर्डावर रागदारीची फिर्याद गुदरणाऱ्याने विसरू नये. गळ्याला साथ म्हणून मात्र कीबोर्डाचा एक गुण पेटीहूनही सोयीचा आहे: एका बटणाने काळी एकवरून काळी पाचवर जाता येते आणि बोटे ओळखीच्याच पट्ट्यांवर राहतात. भारतीय बाजारासाठी काढलेल्या काही संचांत, यामाहाच्या ‘आय५००’सारख्या, रियाजासाठी तबला-तानपुऱ्याची साथही मिळते.

उरलेल्या किरकोळ बाबींत मालकांचे एकमत अधिक दिसते. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, हे गाऱ्हाणे खरे आहे, पण त्याचे मूळ दोन-अडीच वॅटच्या लहान कर्ण्यांत आहे. तोच संच हेडफोन लावून ऐकला म्हणजे खर्ज एकदम प्रकट होतो. रात्री दहानंतर शेजाऱ्यांची झोपमोड न करता वाजवता येते, ही दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या मालकांनी सर्वांत मनापासून केलेली वाखाणणी आहे. सहा पेन्सिल सेलांवर संच चालतो हे खरे, पण महिनोन्महिने सेल आत विसरले तर ते पाझरून आतले संपर्क गंजवतात. कोकणातल्या दमट हवेत आणि देशावरच्या धुळीत एखादी पट्टी मुकी होते अथवा एकाएकी किंचाळते. अशा वेळी बहुधा कार्बनची टिकली मळलेली असते, आणि दुरुस्ती करणारा ती पुसून थोडक्या खर्चात काम भागवतो. मांडी घालून बसणाऱ्याने जवळपास तीन फूट लांबीचा हा संच मांडीवर न घेता चौरंगावर ठेवावा, नाहीतर मनगटाची तक्रारही वाद्याच्या नावे जमा होते.

तात्पर्य, पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्या मुलाला ‘टच रिस्पॉन्स’ असलेलाच ६१ पट्ट्यांचा संच द्यावा, आणि त्याचा हात दोन वर्षांत पुढे सरकला तर पियानोची तजवीज करण्याची मानसिक तयारीही ठेवावी. भजन, भावगीत आणि चित्रपटगीत यांत रमणाऱ्या प्रौढाला त्याहून स्वस्त संचही पुरतो. रागदारी शिकणाऱ्याने तानपुऱ्याशी मैत्री कायम ठेवून कीबोर्डाकडे केवळ स्वरांची ओळख पटवणारा मदतनीस म्हणून पाहावे. दुसऱ्यांची मते जरूर वाचावीत, पण पहिल्या आठवड्यात दिलेल्या मतापेक्षा दुसऱ्या वर्षी दिलेल्या मताला अधिक वजन द्यावे, कारण पहिले बहुधा खरेदीच्या उत्साहाचे असते. आणि आवाजांच्या संख्येला न भुलल्याने जी रक्कम वाचेल ती चांगल्या शिक्षकाच्या फीसाठी राखून ठेवावी. माळ्यावर गेलेल्या संचांपैकी पुष्कळांच्या बाबतीत यंत्र शाबूत असते, उणीव असते ती पुढची बोटे कुठे ठेवावी हे सांगणाऱ्याची.