युरोपची रेल्वे आणि चौघांचं तिकीट

युरोपला सहकुटुंब निघालेल्यांना मी आधी विचारतो, मुलांची वयं काय? तिकिटाचा हिशेब तिथूनच सुरू होतो. भारतात राहणाऱ्यांसाठी ‘युरेल’ पास असतो. एका मोठ्या माणसाच्या पासामागे १२ वर्षांखालील दोन मुलांचे पास फुकट मिळतात. पण पास म्हणजे जागा नव्हे! फ्रान्सची टीजीव्ही किंवा लंडन-पॅरिस युरोस्टार, यांत आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि फुकट पासवाल्या मुलांनाही ते चुकत नाहीत. चौघांचा आकडा मग चांगलाच फुगतो.

जर्मनीत आयसीई गाडीला आरक्षणाची सक्ती नाही. शिवाय आईवडिलांबरोबर १४ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. फक्त सहा वर्षं पूर्ण झालेल्यांची नोंद तिकिटावर हवी. तिथे दोन-तीनच लांबचे प्रवास असतील, तर पास कशाला? ‘स्पारप्राइस’ नावाचं स्वस्त तिकीट जितकं लवकर काढाल तितकं बरं. मात्र लांब पल्ल्याला ते ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं. म्हणून विमानातून उतरल्या दिवशी ते घेऊ नये, असं माझं मत. विमान रखडलं की ते तिकीट वाया.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र मी ‘स्विस ट्रॅव्हल पास’च सुचवतो. त्यात आगगाडीबरोबर बस आणि बोटीही येतात. मुलांसाठी फॅमिली कार्ड मागून घ्यावं, ते मोफत असतं.