नवा फ्लॅट गळतोय? पाच वर्षे जबाबदारी बिल्डरचीच

यवतमाळ असो की पुसद, पावसाळ्यात नव्या फ्लॅटच्या भिंतीला ओल आली की बिल्डर सांगतो, "ताबा दिला, आता आमचा संबंध नाही." हे खरं नाही. रेरा कायदा, २०१६ मधील कलम १४ नुसार नोंदणीकृत प्रकल्पात ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत मोफत दुरुस्त करायचा; नाहीतर भरपाई द्यायची. त्यामुळे फक्त फोनवर बोलू नका. लेखी कळवा, पोच घ्या, फोटो ठेवा.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं असेल, तर दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे, २ वर्षांच्या आत. म्हणून स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा गिलावा, खिडक्यांची फट यांत ठेकेदाराची जबाबदारी कोणती, इंजिनिअरची कोणती, हे कामाआधीच स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. ओळखीचा माणूस असला तरीही.